ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात कशी, आणि पानिपत खरंच संक्रांतीला झालं का?

रशियात बोल्शेविकांनी सत्ता घेतली ७ नोव्हेंबर १९१७ ला. मग तिला ऑक्टोबर क्रांती का म्हणायचं? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात आणि त्यांना 'तिथे जुनं कॅलेंडर होतं' एवढंच उत्तर मिळतं. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं समजलं, तर शिवजन्माच्या तारखेपासून मुंबईच्या हस्तांतरापर्यंतचे बरेच गुंते घरबसल्या सुटतात.

सगळं सुरू झालं वर्षाला ११ मिनिटांच्या चुकीतून. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात वर्ष धरलं होतं ३६५ दिवस ६ तासांचं. ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. ही मिनिटं साचत साचत साधारण १२८ वर्षांत एक दिवस होतो. सोळाव्या शतकात वसंतसंपात (वसंतातला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस) २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला आणि ईस्टरचं गणित कोलमडलं. म्हणून १५८२ मध्ये तेराव्या पोप ग्रेगरींनी दहा दिवस गाळले. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. पुढे पुन्हा घसरण नको म्हणून ४०० ने भाग जाणारं शतकी वर्षच लीप धरायचं ठरलं. १६०० आणि २००० लीप होती; १७००, १८००, १९०० नव्हती.

स्पेन-पोर्तुगालने हे लगेच मानलं. प्रॉटेस्टंट इंग्लंडला पोपचा निर्णय मानायला १७० वर्षं लागली. तिथे बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर आला. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर १४ फेब्रुवारी. तारखा उडाल्या, पण वारांची साखळी कुठेही तुटली नाही. हे लक्षात ठेवा, खाली ते कामाला येणार आहे.

आता हिशोब. नवी तारीख काढायला जुन्या तारखेत किती दिवस मिळवायचे ते शतकावर ठरतं. जुन्या पद्धतीच्या २८ फेब्रुवारी १७०० पर्यंत १०, तिथून १८०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत ११, मग १९०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १२, आणि त्यानंतर १३. रशियाची क्रांती विसाव्या शतकातली, म्हणून २५ ऑक्टोबर अधिक १३ म्हणजे ७ नोव्हेंबर. हा १३ पाठ झाला की लोक सतराव्या शतकालाही तोच लावतात, आणि तारीख तीन दिवसांनी हुकते.

इंग्लंडची आणखी एक खोड होती. १७५१ पर्यंत तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे १६६४ सालचा डिसेंबर संपला तरी पुढचे जानेवारी आणि फेब्रुवारी त्यांच्या लेखी १६६४ चेच. बदल करताना १७५१ हे वर्ष २५ मार्च ते ३१ डिसेंबर असं २८२ दिवसांतच आटोपलं.

आपली मुंबई नेमकी या दोन पद्धतींच्या सांध्यावर उभी आहे. देणारे पोर्तुगीज नव्या कॅलेंडरचे, घेणारे इंग्रज जुन्या. बेटाचा ताबा दिल्याची तारीख १८ फेब्रुवारी १६६५. इंग्रजी हिशोबाने तोच दिवस ८ फेब्रुवारी १६६४! एकाच दिवशी दहा दिवसांचा आणि एका सालाचा फरक. इंग्लंडच्या राजाने बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं ती सनद मात्र २७ मार्च १६६८ ची, नववर्षानंतर दोनच दिवसांनी, म्हणून तिथे सालाचा घोळ होत नाही. तीन दिवस आधी निघाली असती, तर तिच्यावर १६६७ पडलं असतं.

गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. गॅलिलिओची ८ जानेवारी १६४२ ही इटलीतली नवी तारीख. न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ही इंग्लंडमधली जुनी, म्हणजे नवी ४ जानेवारी १६४३. दोन्ही तारखा एका मापाने मोजल्या की योगायोग उरत नाही.

शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इसवी सन काढायला शकात चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. इथे फाल्गुन आहे, म्हणून १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. सवयीने ७८ मिळवलेत तर १६२९ येतं आणि अख्खं वर्ष चुकतं. (उत्तरेकडच्या पंचांगात हीच तिथी चैत्र कृष्ण तृतीया असते, तिकडे महिना पौर्णिमेला संपतो.) आता १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या पद्धतीची तारीख, नवी होते १ मार्च १६३०. पडताळा वाराने घ्या. ग्रेगरी कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारांसकट जसंच्या तसं फिरून येतं, तेव्हा मोबाइलवर १ मार्च २०३० उघडा. शुक्रवार दिसेल. जेधे शकावलीतही (जेधे घराण्याकडच्या, शिवकाळातल्या घटनांच्या तारीखवार नोंदींतही) शुक्रवारच आहे. १९ फेब्रुवारी २०३० बघितलीत तर मंगळवार येतो. तिथे चूक शकावलीची नाही, जुनी तारीख नव्या कॅलेंडरात शोधण्याची आहे.

राज्याभिषेकाचा वार काढताना अजून एक खाच आहे. शकावलीत शुक्रवार, 'तीन घटिका रात्र उरली' असताना, अशी नोंद आहे. ६ जून १६७४ (हीही जुन्या पद्धतीची तारीख) मात्र शनिवार येतो. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे वेळ सूर्योदयाच्या सव्वा तास आधीची. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. दोन्ही नोंदी बरोबर आहेत.

आता पानिपत. पेशवाईच्या कागदांत साल अरबी शब्दांत असतं आणि ते एकंपासून सुरू होतं: इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हे सुहूर सन. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, म्हणजे १७६१. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, वार बुधवार. इंग्रजांनीही तोवर नवं कॅलेंडर घेतलेलं, त्यामुळे १४ जानेवारी १७६१ मध्ये काही मिळवायचं नाही.

पण १४ जानेवारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिळगूळ येतो, आणि 'पानिपत संक्रांतीला झालं' हे घट्ट बसतं. संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशाला, तोही ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या. ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठं असल्यामुळे संक्रांत ६०-७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी १८६३. तिथून आणखी १०२ वर्षं मागे गेलं की संक्रांत १० किंवा ११ जानेवारीला पडते. पानिपतावर सैन्यं भिडली, तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते.