खाडीतला गाळ समुद्रात जातो, आणि परतही येतो

चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर येऊन गेल्यापासून आमच्याकडे गाळ या विषयावर प्रत्येकाला मत आहे, आणि ते चांगलंच आहे, आधी वाशिष्ठीच्या तळाकडे बघत कोण होतं. नंतर नदीतून गाळ उपसलाही गेला. पण बोलताना सगळे एक गोष्ट धरूनच चालतात की गाळ म्हणजे डोंगरातली माती, पावसात वाहून आली, थोडी अडकली, बाकीची दाभोळला समुद्रात गेली, संपलं. वरच्या नदीत हे बऱ्यापैकी खरं आहे, तिथे दगडगोटे आणि रेव असते. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या खाली खाडी लागली की मात्र हिशोब वेगळा.

खाडीतला गाळ म्हणजे मुख्यतः चिकणमाती, कण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक. असा एकटा कण अगदी स्थिर पाण्यात सोडला तरी मीटरभर खाली जायला त्याला तीनेक दिवस लागतात, आणि खाडीचं पाणी तीन दिवस स्थिर राहणार कुठे, मग तो बसतो कसा? मिठामुळे. या कणांवर ऋण विद्युतभार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात, खारं पाणी मिसळलं की ते ढकलणं कमी होतं, कण चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पुंजका तेवढंच अंतर अर्ध्या तासात ते काही तासांत उतरतो. घरी करून बघा. पावसातलं गढूळ नदीचं पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरा, एकीत लिटरला दोन चमचे मीठ टाका, हलवा आणि ठेवून द्या. मिठाच्या बाटलीत थोड्या वेळाने पाण्यात रवाळ कण दिसायला लागतात, वरचं पाणी निवळत जातं, दुसरी बाटली दुसऱ्या दिवशीही चहासारखीच असते.

आता परत येण्याचं. गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडे जातं आणि खारं जड पाणी तळातून आत सरकतं, म्हणजे वरून गेलेला गाळ खाली उतरला की तळाचा प्रवाह त्याला पुन्हा खाडीत वरच्या बाजूला आणतो. शिवाय उथळ खाडीत भरती बहुतेक वेळा कमी वेळात आणि जोरात चढते, ओहोटी सावकाश उतरते, त्यामुळे भरतीने जेवढा गाळ उचलून आत आणला तेवढा ओहोटीला बाहेर नेता येत नाही. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, तळ ढवळला जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, सगळं बसतं. या ओढाताणीत खाडीच्या एका पट्ट्यात पाणी सगळ्यात गढूळ राहतं आणि हा पट्टा पावसात खाली, उन्हाळ्यात वर सरकतो. गोव्यात मांडवी आणि झुआरीत यावर बराच अभ्यास झालाय.

वाशिष्ठीचं अजून एक वेगळं आहे, कोयनेची वीज तयार झाल्यावरचं पाणी पोफळीकडून वर्षभर हिच्यात येतं. कोकणातल्या बाकी बहुतेक नद्या मार्च-एप्रिलमध्ये आटतात, खारं पाणी आत घुसतं, इथे मात्र उन्हाळ्यातही गोडं पाणी त्याला खाली रेटत असतं, आणि किती रेटणार ते त्या दिवशी वीज किती केली त्यावर. म्हणून शेजारच्या शास्त्री नदीच्या खाडीचा ठोकताळा इथे लावून चालणार नाही असं मला ठामपणे वाटतं. गोडं पाणी सोडून गाळ ढकलायचा मोठा प्रयोग हुगळीवर झालाय, कोलकाता बंदरासाठी १९७५ ला गंगेवरचं फराक्का धरण सुरू झालं, तरी तिथे यंत्राने गाळ उपसणं थांबलेलं नाही.

गाळ काढायला माझा विरोध अजिबात नाही, शहराजवळ तो काढलाच पाहिजे. पण खालच्या खाडीत नुसता खड्डा खणला तर तिथे प्रवाह मंदावतो आणि भरती तोच खड्डा भरून काढते, आणि काठावर टाकलेला ढीग पहिल्या मोठ्या पावसात परत पाण्यात. तिवरं, म्हणजे खारफुटी, तोडून रस्ता केला तर अजून वाईट, कारण मुळांत अडकून बसलेला चिखल सुटतो.

त्यामुळे उपसा करण्याआधी वर्षभर मोजमाप हवं, उधाणाला आणि भांगाला, दोन्ही वेळा. आणि नमुना घेणाऱ्यांनी कृपया होडीच्या कडेवरून वरचं पाणी भरून आणू नये, सगळ्यात जास्त गाळ तळाजवळच्या पाण्यात असतो, तिथली बाटली भरा.