वरचा मजला पाहुण्यांना देताना: झोनिंगच्या परवानगीचा माझा अनुभव

मुलं बाहेर पडल्यापासून आमच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. दोन खोल्या, एक बाथरूम आणि बाहेरून स्वतंत्र जिना. चार-आठ दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना तो द्यावा, असं आम्हा दोघांच्या मनात बरेच दिवस घोळत होतं. वेबसाइटवर जाहिरात टाकणं अगदीच सोपं: फोटो चढवा, दर लिहा, तारखा मोकळ्या करा. नोंदणी क्रमांकाची सक्ती असलेली शहरं सोडली, तर तुमच्या झोनमध्ये, म्हणजे कुठल्या भागात जागा कशासाठी वापरायची हे नियमांनी ठरवून दिलेल्या विभागात, हा वापर चालतो की नाही हे तिथे सहसा कुणी विचारत नाही. स्थानिक नियम पाळण्याची जबाबदारी यजमानाची, असं अटींमध्ये लिहिलेलं असतं आणि पुढे काही झालं तर नोटीस घरमालकाच्या नावाने निघते. म्हणून जाहिरात बाजूला ठेवून मी आधी नियोजन कार्यालय गाठलं.

तिथल्या बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "पाहुणे असतील तेव्हा तुम्ही स्वतः त्या घरात राहणार का?" घर कुणाच्या नावावर आहे, कर्ज आहे का, हे नंतर आलं. पुढे सगळी प्रक्रिया पार पडेपर्यंत कळत गेलं की बाकीचं सगळं याच प्रश्नाभोवती फिरतं. झोनिंगला मालकीशी फारसं देणंघेणं नसतं. त्या जागेचा वापर कशासाठी होतो, एवढंच ते बघतं. न्यूयॉर्कने 1916 मध्ये अख्ख्या शहरासाठी झोनिंगचे नियम केले, आणि 1926 मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांना मान्यता दिली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: राहण्याची वस्ती आणि व्यापार यांच्यात अंतर राहावं. चार रात्रींसाठी येणारा पाहुणा यांपैकी कुठे मोडतो? तो झोपतो, जेवतो, आंघोळ करतो, म्हणजे वापर राहण्याचाच. पण तो पैसे देऊन येतो आणि चार दिवसांनी त्याच्या जागी दुसरा येतो, म्हणजे लॉजसारखा. गावोगावच्या नियमांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, म्हणून दुसऱ्या गावातल्या ओळखीच्या माणसाचा अनुभव इथे कामाला येत नाही.

नियमावली हातात आल्यावर आधी व्याख्यांचं प्रकरण वाचा, तक्ता नंतर बघा, असं मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगते. तक्त्यात एका बाजूला झोन, दुसऱ्या बाजूला वापर आणि मधल्या चौकटीत परवानगी आहे, अटींसह आहे की नाही याची खूण असते. आमच्या निवासी झोनमध्ये 'हॉटेल, लॉज' या ओळीपुढे स्पष्ट नकार होता. तेवढंच बघितलं असतं तर विषय तिथेच संपला असता. व्याख्यांमध्ये मात्र एक वेगळाच वापर दिलेला होता: मालकाचं कायमचं वास्तव्य असलेल्या घराचा काही भाग सलग 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणं. हा वापर निवासी झोनमध्ये अटींसह चालत होता. मालक राहत नसलेलं अख्खं घर अशा मुदतीने देणं हा आणखी निराळा वापर, आणि तो फक्त व्यापारी व मिश्र झोनमध्ये मान्य होता.

या फरकामागे कारण आहे आणि मला ते पटतं. घर पाहुण्यांसाठी राखून ठेवलं की तिथे वर्षभर राहणारं एक कुटुंब कमी होतं. न्यूयॉर्कमध्ये 2023 च्या सप्टेंबरपासून लोकल लॉ 18 ची अंमलबजावणी सुरू झाली. तिथे 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी पाहुणे ठेवायचे तर यजमानाला नोंदणी करावी लागते, पाहुणे असेपर्यंत स्वतः घरात राहावं लागतं आणि एका वेळी दोनच पाहुणे ठेवता येतात. लंडनमध्ये अख्खं घर वर्षाला 90 रात्रींपर्यंत देता येतं, त्यापुढे नियोजन परवानगी लागते. ॲमस्टरडॅमने 2019 मध्ये ही मर्यादा 60 वरून 30 रात्रींवर आणली. पॅरिसमध्ये राहतं घर देण्याची मर्यादा 2025 पासून 120 वरून 90 रात्री झाली. जपानच्या 2018 मध्ये लागू झालेल्या कायद्यात ती वर्षाला 180 दिवस आहे. बार्सिलोनाने तर पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या फ्लॅट्सचे परवाने 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत संपू द्यायचे, नव्याने द्यायचे नाहीत, असं 2024 मध्ये जाहीर केलं. हे सगळं मी अर्ज भरण्याआधी वाचून काढलं आणि त्याचा उपयोग झाला. समोरचा अधिकारी कशाची काळजी करतो आहे हे आधीच माहीत असलं की अर्जात काय लिहायचं ते आपोआप सुचतं.

पहिला कागद मी मागितला तो झोन दाखला. फोनवर "हो, तुमचा भाग निवासीच आहे" असं कळलं होतं, पण तोंडी 'हो'वर पुढचं पाऊल टाकायचं नाही हे मी ठरवलं होतं. घर झोनच्या हद्दीजवळ असेल, किंवा त्या भागावर वारसा जतन, पूररेषा असा आणखी एखादा थर असेल, तर तो लेखी दाखल्यातच दिसतो. पाठोपाठ कायमच्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा होता: कराची पावती, वीजबिल, मतदार यादीतलं नाव, सगळ्यांवर एकच पत्ता. नवऱ्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक अक्षर जास्त होतं, ते दुरुस्त करून आणावं लागलं.

खरं काम निघालं ते नकाशात. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वरच्या दोन्ही खोल्या टेपने मोजल्या आणि मंजूर नकाशा जमिनीवर पसरला. मागची खोली नकाशात 'सामानाची खोली' होती. तिची खिडकी त्यांनी उंची-रुंदी घेऊन मोजली, उघडून बघितली आणि म्हणाले, "ताई, आग लागली तर मोठा माणूस यातून बाहेर पडू शकणार नाही. इथे झोपायला कुणाला देता येणार नाही." त्यावर वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं. त्या खिडकीत मी स्वतः खांदे घालून बघितले. खिडकी मोठी करायची तर बांधकामाची वेगळी परवानगी, म्हणून ती खोली आम्ही बसायला ठेवली. झोपायची खोली एकच उरल्याने पाहुण्यांची संख्याही तिच्यावरून ठरली. धूर ओळखणारा अलार्म खोलीत आणि जिन्याच्या तोंडाशी, बाहेर पडण्याच्या वाटेचा नकाशा दाराच्या आतल्या बाजूला, आणि पाहुण्यांच्या गाडीसाठी आवारातच जागा, ही पूर्तता त्यांनी लेखी मागितली. गाडीच्या जागेचं रेखाटन मापं घालून मीच काढलं, त्यांनी ते स्वीकारलं.

यानंतर शेजाऱ्यांना नोटीस गेली. हरकती नोंदवायला मुदत होती आणि मग सुनावणी. नोटीस पोचण्याआधीच आम्ही दोघं दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांत जाऊन आलो. सरकारी लिफाफ्यातून अचानक बातमी कळली की माणूस दुखावतो, आणि त्याचं दुखावणं रास्तच असतं. तरीही पलीकडच्या काकूंनी हरकत घेतलीच. सुनावणीत त्या उभ्या राहिल्या आणि मला उद्देशूनच म्हणाल्या, "तू चांगली आहेस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रात्री अकराला कुणी चुकून माझं दार वाजवलं तर मी कुणाला फोन करायचा? आणि तुम्ही दोघं गावाला गेलात तर?"

एवढा नेमका प्रश्न अख्ख्या प्रक्रियेत दुसऱ्या कुणी विचारला नाही. समितीच्या अध्यक्षांनी तो तसाच अटींमध्ये घेतला. आम्ही घरी नसू त्या रात्री पाहुणे ठेवायचे नाहीत, कारण मालक घरात असण्यावरच हा वापर मान्य होता. आमचे दोघांचे नंबर शेजारच्या घरांना लेखी द्यायचे आणि तक्रार आली तर तासाभरात तिची दखल घ्यायची. पाहुण्यांना घराचा नंबर नीट कळावा म्हणून फाटकावर दिवा लावायचा, हे मी आपण होऊन सुचवलं. काकूंनी हरकत मागे घेतली नाही, पण अटींसह परवानगी द्यायला आपला विरोध नाही असं नोंदवलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचं काही असेल तर ही सुनावणी. नियम कागदावर सगळ्यांसाठी सारखा असतो, पण आमच्या गल्लीत नेमकं काय अडतं हे तिथे राहणाऱ्यालाच सांगता येतं.

झोनिंगची परवानगी मिळाली म्हणजे सगळं झालं असं नाही, हे मात्र सांगायला हवं. सोसायटीचे किंवा खरेदीखतातले निर्बंध वेगळे असतात, आणि नियोजन कार्यालय त्यात सहसा पडत नाही. तिथे मनाई असेल तर हातातल्या परवानगीने ती उठत नाही. घराच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांमुळे झालेलं नुकसान बऱ्याचदा धरलेलं नसतं. आम्ही विमा कंपनीला लेखी कळवून जोडपॉलिसी घेतली. कर्ज असेल तर बँकेच्या अटीही वाचाव्या लागतात. आणि परवाना घराला चिकटलेला आहे की माणसाला, हे विचारून घ्या. आमचा माणसाला आहे, त्यामुळे घर विकलं तर नव्या मालकाला तो मिळणार नाही. मुदत संपायच्या आत नूतनीकरण, प्रत्येक जाहिरातीत परवाना क्रमांक आणि पाहुण्यांची नोंदवही, एवढं सतत सांभाळावं लागतं.

परवाना मिळाल्याचं कळल्यावर माझ्या मावसभावाने फोन केला. त्याचा दुसरा फ्लॅट रिकामा होता आणि माझ्या अर्जाची प्रत वापरून त्यालाही परवानगी मिळेल का, असं तो विचारत होता. मी त्याला तोच पहिला प्रश्न विचारला: तू तिथे राहतोस का? राहत नव्हता. न्यू ऑर्लिन्समध्ये यजमान शहराचा रहिवासीच हवा ही अट 2022 मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली होती. ती बातमी त्याने वाचली होती आणि तिच्यावर त्याची भिस्त होती. पण तो प्रश्न बाहेरच्या राज्यातल्या मालकांना वेगळी वागणूक देण्याचा होता आणि तो निकाल अमेरिकेच्या राज्यघटनेवर आधारलेला होता, त्याच्या इमारतीच्या झोनचा त्याच्याशी संबंध नव्हता. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या भागाची नियमावली काढली, व्याख्या वाचल्या, तक्ता बघितला. अख्खा फ्लॅट कमी मुदतीने देणं तिथे बसत नव्हतं. त्याने तो एका नोकरदार जोडप्याला 11 महिन्यांच्या कराराने दिला आणि त्यासाठी त्याला नियोजन कार्यालयात जावंच लागलं नाही.