जांबोटीच्या वाटेवरचा 'पांगारा'

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, मी आणि मित्र बाईकवरून बेळगावहून कणकुंबीला निघालो, मलप्रभेचा उगम बघायला. पिरनवाडी, किणये मागे पडलं आणि जांबोटी यायच्या जरा अलीकडे, रस्त्याखालच्या ओढ्याला एक झाड असं लालभडक दिसलं की गाडी आपोआप थांबली. मी म्हटलं पांगारा. मित्र म्हणतो, खुळा की काय, पळस आहे तो! दोघंही ठाम, आणि बघितलेलं दोघांनीही गाडीवरूनच.

खाली उतरलो तर दोघांचीही पंचाईत. पळस काय, पांगारा काय, फुलतात तेव्हा बहुतेक उघडेबोडके असतात, आणि हे तर गच्च हिरवं. पळसाला पाने तीनच, पांगाऱ्यालाही तीनच, इथं मात्र एका देठावर समोरासमोर जोड्या आणि टोकाला एकटं पान, मोजली तर १३ भरली. काटा तर औषधालाही नाही. पडलेलं फूल उचललं, तळहाताएवढं, पेल्यासारखं, नारिंगी-लाल, कडेला पिवळी चुणीदार किनार. वर शेंड्याला मधोमध वाघनखासारख्या वाकड्या तपकिरी कळ्यांचा गठ्ठा आणि भोवतीनं फुलांचं कडं, त्यात एक शिंजीर चोच खुपसून बसलेला.

आमची चर्चा गुरांमागचं एक पोरगं ऐकत होतं. "ओ काका, पिचकारीचं झाड हाय की ते!" म्हणत त्यानं खाली वाकलेल्या फांदीची कळी तोडली, टोक दातानं कुरतडलं, दाबली आणि पचकन पाणी माझ्या शर्टावर! वासही काही खास नव्हता. मित्राला कुठूनतरी कन्नड नाव आठवलं, नीरुकायी, म्हणजे पाण्याचं कच्चं फळ. मग माझी ट्यूब पेटली, अरे हा तर आफ्रिकन ट्यूलिप, स्पॅथोडिया! शहरात बंगल्यांच्या कंपाउंडमध्ये शोभेला लावतात तोच, पुस्तकात आकाशशेवगा म्हणतात. मूळचा आफ्रिकेतला, युरोपियनांनी १७८७ मध्ये गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, टिपलेला. आपल्याकडच्या टेटू नावाच्या झाडाच्या कुळातला.

पण रानात आणला कुणी? उत्तर पायाखालीच होतं. होडीसारखी तडकलेली शेंग, आणि आत पारदर्शक पंखांच्या पापडीसारख्या बिया, फुंकर मारली की उडाल्या. वारा आहे, ओढा आहे, अजून काय पाहिजे. फिजी, हवाईसारख्या बेटांवर यानं असंच रान बळकावलंय, जगातल्या १०० सगळ्यात उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीतही नाव आहे. तिथं ओढ्याकाठी त्याच पानांची चार-पाच पोरं उगवलेली दिसली आणि मघाचं कौतुक जरा ओसरलंच.

कणकुंबीला माउलीचं दर्शन, चहा, मिरची भजी, परत. शर्टावरचा पिवळा डाग दोन धुण्यांतही गेला नाही. खिशात राहिलेल्या बिया बघून आईनं विचारलं, कुंडीत टाकू का रे? म्हटलं नको, बंबात घाल.