फ्रीजच्या दारातली तपकिरी बाटली

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे चार माणसं जमली की बर्फ काढायला कुणीतरी फ्रीज उघडतं आणि दारातली तपकिरी बाटली हातात घेऊन विचारतं, "हे काय गं, मध? की काकवी?" मी सांगते, कच्च्या तपकिरी साखरेचा पाक आहे, ड्रिंकमध्ये घालायचा. मग ठरलेला प्रश्न येतो: "साखरच घालायची तर चमच्याने ग्लासात घाल ना! पाकाचा खटाटोप कशाला? आणि करायचाच तर घरातल्या पांढऱ्या साखरेचा का नाही?" एका हातात बर्फ वितळत असताना मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून टाकते. ते दर वेळी अपुरं राहतं. म्हणून आज नीट लिहिते.

साखर दारूत विरघळायला फार आढेवेढे घेते. शुद्ध अल्कोहोलमध्ये ती जवळजवळ विरघळतच नाही. रम-व्हिस्कीत निम्म्याहून जास्त पाणी असतं म्हणून थोडीफार विरघळते, पण रेंगाळत रेंगाळत. त्यात बर्फ पडला की आणखी मंदावते. मी पहिल्यांदा पाहुण्यांसाठी रम, लिंबू आणि साखर असं एकत्र केलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. चमचाभर साखर घातली, ढवळ ढवळ ढवळली, ग्लास दिले. पहिला घोट आंबट आणि घशाला चटका देणारा, शेवटचा घोट म्हणजे तळाशी बसलेली ओली साखर. मधले चार घोट तेवढे बरे. कुणी तक्रार केली नाही, पण ग्लासांच्या तळाशी उरलेली ती साखर विसळताना मला वाईट वाटलं होतं. चांगली रम होती ती.

गोडवा आधीच पाण्यात विरघळलेला असेल तर तो पहिल्या घोटापासून शेवटच्यापर्यंत सारखा लागतो. पाक करण्याचं कारण एवढंच आहे. 'कॉकटेल' या शब्दाची छापील व्याख्या १८०६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात आली. त्यात चारच गोष्टी सांगितल्या होत्या: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडवट अर्क. चारातल्या दोन, साखर आणि पाणी, माझ्या त्या बाटलीत आहेत. म्हणून ही बाटली मला वरकड वाटत नाही. शब्दांचंच बघा. शराब, सरबत आणि इंग्रजांचा सिरप हे तिन्ही 'पिणे' या अर्थाच्या एकाच अरबी धातूतून निघालेत. साखर आणि शुगर दोन्ही आपल्या शर्करेच्या घरातल्या. आणि पंच या मिश्र पेयासाठीचा शब्द दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला अशा पाच जिनसांवरून, म्हणजे आपल्या 'पाच'वरूनच, गेला असं बरेच जण मानतात. एवढी जुनी ओळख असताना या पाकाकडे परका म्हणून बघायचं कारण नाही.

आता करायचा कसा. मराठी हात इथे हमखास चुकतो, माझाही चुकला. आपल्याकडे पाक म्हटलं की एकतारी, दोनतारी, गोळीबंद. चिमटीत धरून तार बघितल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. मी पहिला पाक असाच केला. आईने शिकवलेला, गुलाबजामाचा असतो तसा, तार येईपर्यंत उकळलेला. बाटलीत भरला, फ्रीजमध्ये ठेवला. चौथ्या-पाचव्या दिवशी तळाशी खडीसाखर तयार! कारण साधं आहे. साधारण २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते. उकळत्या पाण्यात ४८०च्या पुढे मावते. तार येईपर्यंत उकळताना आपण पाणी उडवत जातो आणि त्या कमी पाण्यात जास्त साखर कोंबतो. थंड झालं की जादाची साखर बाहेर पडते. खडीसाखर मुद्दाम करतात ती याच तत्त्वावर, दाट पाकात दोरा सोडून.

तेव्हा हा पाक शिजवायचा नाही. साखर विरघळवायची आणि थांबायचं. तार तर मुळीच बघायची नाही.

मी वजनावर करते, वाटीने नाही. वाटीभर साखर आणि वाटीभर पाणी यांचं वजन सारखं भरत नाही. साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते, त्यामुळे मोजायच्या २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम आणि साखर साधारण २००च ग्रॅम बसते. वाटीने केलेला पाक म्हणून दर वेळी थोडा पातळ होतो आणि वाटी बदलली की चवही बदलते. स्वयंपाकघरात साधा वजनकाटा असेल तर तो काढा.

माझं प्रमाण दोनास एक: ४०० ग्रॅम कच्ची साखर, २०० ग्रॅम पाणी. पाणी जाड बुडाच्या पातेल्यात गरम करायचं. बुडाला बारीक बुडबुडे धरायला लागले की गॅस बंद. मग साखर घालून लाकडी चमच्याने शांतपणे हलवत राहायचं. दाणे मोठे असल्यामुळे वेळ लागतो, चार-पाच मिनिटं तर नक्कीच. अगदीच राहिले तर गॅस अगदी मंद करून क्षणभर वर ठेवायचं, पण उकळी फुटू द्यायची नाही. तळाशी चमचा फिरवल्यावर खरखर लागली नाही की झालं. निवल्यावर तलम ओल्या कापडातून गाळायचं. कच्च्या साखरेत कधीकधी उसाचे बारीक तंतू आणि काळे ठिपके निघतात, ते कापडावर राहतात. एवढ्यात साधारण ४५० मिलिलिटर पाक होतो. बाटली काचेची, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेली हवी. ओली बाटली म्हणजे बुरशीला आमंत्रण. बाटलीवर तारीख लिहिते. माझ्याकडे हा दाट पाक फ्रीजमध्ये दोन-तीन महिने उत्तम राहतो. समसमान वजनाचा पातळ पाक तीन आठवड्यांतच संपवते, कारण पाणी जास्त असलं की तो लवकर बिघडतो. पाकात ढगासारखं काही तरंगताना दिसलं की चव घेऊन बघायची नाही, ओतून द्यायचा.

दोन्ही पाक एकमेकांच्या जागी वापरायचे तर हिशोब सोपा आहे. १० मिलिलिटर दाट पाकात जवळपास तेवढीच साखर असते जेवढी १५ मिलिलिटर पातळ पाकात. आणि दाट पाकाचा एक छोटा चमचा म्हणजे साधारण एक सपाट चमचा साखर. साखरेवर लक्ष ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे फार उपयोगी पडतं. ग्लासात नेमकं किती गेलं ते कळतं.

आता दुसरा प्रश्न, पांढरी साखर का नाही. याचं उत्तर मला गुऱ्हाळापासूनच द्यावं लागतं, कारण माझं माहेर कोल्हापूरकडचं. दिवाळीनंतर मामाकडे गेलं की गुऱ्हाळ सुरू झालेलं असायचं. चुलवणात चिपाडं पेटलेली, वर भलीमोठी काहील, तिच्यात उसाचा रस रटरटतोय आणि गुळव्या वर आलेला फेस काढत काहिलीभोवती फिरतोय. भेंडीची झाडं ठेचून त्याचं बुळबुळीत पाणी रसात सोडायचे, मग घाण गोळा होऊन वर यायची. रस हिरवट करडा असतो, मग पिवळा होतो, मग तांबूस. आणि वासही बदलत जातो. आधी ओल्या गवताचा, मग ताज्या ठेचलेल्या उसाचा, आणि शेवटी तो जड, खरपूस, गोड वास, जो अंगावरच्या स्वेटरलाही दोन दिवस राहायचा. आम्हा पोरांना उसाच्या कांडक्यावर गरम काकवी मिळायची. ओठ पोळायचे तरी धीर निघायचा नाही.

पांढऱ्या साखरेत यातलं काहीही राहत नाही. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रसात चुना घालतात, गंधकाचा वायू सोडतात, रस आटवून दाणे पाडतात आणि यंत्रात गरगर फिरवून दाण्यांवरची मळी, म्हणजे तो काळा चिकट द्रव, काढून टाकतात. राहतो तो नुसता गोडवा. चहाला तो बरोबर आहे. जिन आणि लिंबू असलेल्या पेयातही मी पांढरीच साखर वापरते, कारण तिथे जिनचा सुगंध पुढे यायला हवा, मळीने मध्ये बोलायचं काम नाही. पण रम, व्हिस्की, फेणी यांना सोबत लागते. कच्च्या साखरेच्या दाण्यावर मळीचा पातळ थर राहू दिलेला असतो, आणि ती सगळी खरपूस चव त्या थरात असते. रमही बहुधा मळीपासूनच होते, त्यामुळे दोघांची चव लगेच जुळते.

इथे आईचं आणि माझं एकदा छान बोलणं झालं. ती पाक करताना चमचाभर दूध घालते आणि वर आलेला फेस काढून टाकते. "मळी काढल्याशिवाय पाक कसला," म्हणाली. तिची मळी म्हणजे वर येणारा कचरा, कारखान्यातली मळी म्हणजे ती काकवीची काळी बहीण. नाव एक, वस्तू दोन. मी तिला सांगितलं, तुझी मळी मी कापडातून गाळते, दुसरी मात्र मला हवी असते. तिने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "गुऱ्हाळाचा वास येतोय गं याला." मला याहून मोठी पावती नको.

दुकानात कच्च्या साखरेच्या पाकिटावर बहुधा 'डेमेरारा' लिहिलेलं असतं. डेमेरारा ही दक्षिण अमेरिकेतल्या गयानामधली नदी. तिच्या काठच्या मळ्यांत आधी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी ऊस तोडला. १८३८च्या मे महिन्यात कलकत्त्याहून 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही जहाजं करारावरचे भारतीय मजूर घेऊन तिथे पोचली. मॉरिशसमध्ये हेच त्याआधी, १८३४ला, सुरू झालं होतं, आणि तिथल्या उसाच्या मळ्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही राबली. त्यांची पतवंडं आज तिथे गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मॉरिशस अजूनही अशा तपकिरी साखरांसाठी ओळखला जातो. पाकीट फोडताना मला दर वेळी त्या माणसांची आठवण येते. या रंगाची किंमत कुणी मोजली, हे विसरायचं नाही असं मी स्वतःपुरतं ठरवलंय.

पण नावावर जाऊन भुलू नका, पाकीट उलटून घटक वाचा. 'ब्राऊन शुगर' म्हणून विकली जाणारी साखर कधीकधी पांढऱ्या साखरेवर मळी किंवा कॅरमेलचा रंग चढवलेली असते. देशी खांडसारी, म्हणजे जुन्या पद्धतीने केलेली कच्ची साखर, चांगली मिळाली तर मी तीच घेते. ती डेमेराराइतकी टपोरी दाणेदार नसते, पण चव खोल असते आणि विरघळतेही पटकन.

"मग गूळच घाल की," हा पुढचा प्रश्न तुमच्या ओठावर असेल. घालते ना, काजू फेणीत. फेणीचा वास इतका रांगडा असतो की तिला गुळासारखाच गडी लागतो. ४५ मिलिलिटर फेणी, एका रसदार कागदी लिंबाचा रस, १० मिलिलिटर गुळाचा दाट पाक, वर सोडा आणि चिमूटभर मीठ. गूळ मात्र दोनदा गाळा, आणि फार फिकट पिवळा घेऊ नका. तो रंग कधीकधी हायड्रॉस नावाचं रंग उजळवणारं रसायन टाकून आणलेला असतो. व्हिस्कीत गूळ मला मानवत नाही. गुळात क्षार असतात, त्याची खारट कडा मध्येच लागते आणि पेय गढूळ दिसतं. व्हिस्कीला कच्च्या साखरेचा पाकच हवा: ६० मिलिलिटर व्हिस्की, एक छोटा चमचा पाक, बिटर्सचे दोन-तीन थेंब, बर्फाचा एकच मोठा खडा, आणि संत्र्याची साल वरून मुरडून तिचं तेल पेयावर उडवायचं. काकवी घरात असेल तर ती निम्म्या पाण्यात सैल करून काळ्या रममध्ये घालून बघा. तो पाक तर गुळव्याने आधीच करून ठेवलेला आहे.

आणि जे पीत नाहीत त्यांच्यासाठीही ही बाटली आहेच. आई आली की तिच्यासाठी याच पाकाचं लिंबू सरबत होतं. आता तीच फ्रीज उघडून बाटलीत किती उरलंय ते बघते. तळाशी दोन बोटं राहिली की मी त्यात गरम पाणी ओतून बाटली खळखळून हलवते, त्याच पाण्यात कोरा चहा करते, वर लिंबू पिळते, आणि आम्ही दोघी गॅलरीत बसून तो पितो.