तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातला डॅक कोणता घेऊ?

"लॅपटॉपवर गाणी ऐकतो, आवाज जरा सुधारायचाय, बजेट फार नाही, तर कोणता डॅक घेऊ?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता एकदा बसून सगळं लिहूनच काढतेय, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

आधी डॅक म्हणजे काय ते पटकन सांगते. कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे असतात, सीडीच्या दर्जाचं असेल तर सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही डाव्या आणि उजव्या कानाचे वेगवेगळे, आणि त्या आकड्यांची परत विजेची लाट करून देणारा जो भाग असतो तो डॅक. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये आहेच, फोनमध्येही आहे, नाहीतर आत्ता जे ऐकताय ते ऐकूच आलं नसतं. बाहेरचा डॅक म्हणजे हेच काम यूएसबीला लावलेल्या वेगळ्या डबीत होतं, एवढाच काय तो फरक.

म्हणून कोणता घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, आत्ता नेमकं काय खटकतंय? यावर बहुतेक जण सांगतात की बास कमी वाटतो, आवाज कोंदट वाटतो, गाणारा लांब कुठेतरी उभा आहे असं वाटतं. हे यातलं काहीही डॅक बदलून जाणार नाही हो. दोन हेडफोनमध्ये एखाद्या पट्टीत पाच-सात डेसिबलचा फरक सहज असतो आणि तो कुणालाही ऐकू येतो, पण दोन बऱ्यापैकी डॅक घेतलेत तर आपल्याला ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यांत त्यांच्यातला फरक डेसिबलच्या एका छोट्या अंशात मोजावा लागतो. आवाजाचा स्वभाव हेडफोन ठरवतो, स्पीकर असतील तर स्पीकर आणि खोली ठरवते. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर आधी हेडफोनला घाला, आणि त्याच्याही आधी एक फुकटचा उपाय करून बघा, विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात बास चार डेसिबलने वाढवा आणि प्रीअँप (म्हणजे एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटतो. तुम्हाला जे हवं होतं ते त्यात मिळालं तर खरेदीची गरजच नाही.

दुसरा प्रश्न, हेडफोन वायरचे आहेत ना? हे विचारावंच लागतं कारण ब्लूटूथ हेडफोनच्या आत स्वतःचा डॅक आणि अँप (त्या लाटेला ताकद देणारा भाग) असतो, कॉम्प्युटर त्याला फक्त आकडे पाठवतो, तेव्हा टेबलावर कितीही भारी डॅक आणून ठेवलात तरी तो त्या रस्त्यात येतच नाही. यूएसबीवाल्या हेडसेटचंही तेच, आणि ज्या पॉवर्ड स्पीकरला (म्हणजे आत स्वतःचा अँप असलेल्या) यूएसबीची वायर थेट जाते त्यांचंही तेच.

आता डॅक खरोखर कधी लागतो ते सांगते, कारण मला स्वतःला लागला होता. माझ्या जुन्या लॅपटॉपवर रात्री इअरफोन लावून आलाप ऐकत होते, सुरुवातीला नुसता तानपुरा आणि मग हळूच लागलेला षड्ज, आणि त्या तानपुऱ्याच्या मागे एक बारीक किरकिर. आधी वाटलं रेकॉर्डिंगच जुनं आहे. मग बोट टचपॅडवरून फिरवलं तर किरकिर बदलली, पान वरखाली केलं की झुंईऽऽ असा आवाज वर चढायचा, थांबलं की खाली यायचा. गाणं बंद केलं तरी तो होताच. एकदा तो कानात बसला की मग दुसरं काही ऐकूच येईना, दोन सुरांमधली जी शांतता असते ना, जिच्यासाठी मी ते गाणं लावलं होतं, तीच नासली होती. कारण साधं आहे, कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर, ग्राफिक्स, पॉवर सर्किट क्षणाक्षणाला कमीजास्त करंट ओढत असतात आणि बोर्ड नीट आखलेला नसला तर ती खळबळ ग्राउंडमधून, म्हणजे सगळ्या सर्किटच्या सामाईक परतीच्या वाटेतून, हेडफोनच्या जॅकपर्यंत झिरपते. आपल्या गाण्याची लाट तिथे अगदी नाजूक असते, तिच्यात ही मिसळते.

तुमच्याकडे हा त्रास आहे का ते पाच मिनिटांत कळेल. गाणं थांबवा, आवाज वाढवा, माउस हलवा, एखादी मोठी फाइल कॉपी करा, चार्जर काढून लावून बघा. काहीच ऐकू आलं नाही आणि गाणं लावल्यावर आवाजही पुरेसा मोठा होत असेल, तर तुमचा जॅक चांगला आहे, खुशाल त्याच्यावरच ऐका. किरकिर आली तर बाहेरचा डॅक घ्या आणि त्या दिवसापासून फरक ऐका, तिथे कुणाला शंका घ्यायला जागाच नाही.

यात एक खाचखळगा आहे. हेडफोनवर शांत असतं पण पॉवर्ड स्पीकर जोडले आणि चार्जर लावला की गुणगुण सुरू होते, असं होत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांचे ग्राउंड दोन वाटांनी जोडले जाऊन झालेलं वेटोळं. यूएसबीच्या वायरीतही ग्राउंड असतोच, त्यामुळे नवीन डॅक लावूनही ती गुणगुण जशीच्या तशी राहू शकते, आणि माणूस बिचारा दुसरा डॅक शोधायला लागतो. अशा वेळी कॉम्प्युटरला ऑप्टिकल आउट असेल तर ऑप्टिकल इनपुटवाला डॅक घ्या, त्यात सिग्नल उजेडाने जातो, तांब्याचा संबंधच नाही, लूप तिथल्या तिथे तुटतो. ते नसेल तर स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा, कधी कधी तेवढ्यानेही भागतं.

दुसरं खरं कारण म्हणजे ताकद. इथे तुमच्या हेडफोनच्या कागदावरचे दोन आकडे बघायचे, ओहम (विजेला होणारा अडथळा) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टला आवाज किती मोठा येतो ते). समजा हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो. व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबल वाढतात, म्हणजे २ व्होल्टला १०३, ४ व्होल्टला १०९. रोजच्या ऐकण्याला एक व्होल्टही पुष्कळ झाला, पण ज्या रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि मोठ्या आवाजात खूप अंतर आहे तिथे मोठ्या जागा दबायला नकोत म्हणून दोन ते चार व्होल्ट हाताशी असलेले बरे. छोट्या इअरफोनचं बरोबर उलटं असतं, १६ ओहमच्या इअरफोनला ताकद चिमूटभर पुरते, त्याला हवी शांतता, आणि डॅकचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, कमी हवा. साधारण नियम असा की तो हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नको, म्हणजे १६ ओहमला २ ओहमच्या आत. काही इअरफोनमध्ये तीन-चार ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असतात आणि त्यांचे ओहम प्रत्येक पट्टीला बदलतात, तिथे हा आकडा जास्त असला तर आवाजाचा तोलच बदलून जातो. स्वस्त डॅक घेताना मी कागदावर पहिली नजर टाकते ती इथे.

आणि चिपवर अजिबात टाकत नाही. डॅकच्या आतली मुख्य चिप ईएसएस कंपनीची घेऊ की एकेएमची की सिरस लॉजिकची, यावर लोक रात्ररात्र वाद घालतात, एक आवाज ऊबदार म्हणे आणि एक काचेसारखा. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाला एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली, चिप मिळेनाशा झाल्या आणि कित्येक डॅकवाल्यांनी आपली चालू मॉडेलं दुसऱ्या कंपनीच्या चिपवर नेली. सर्किट नीट बांधणाऱ्यांचे डॅक त्यानंतरही तितकेच स्वच्छ मोजले गेले. चिप म्हणजे एक भाग, तिच्या भोवतीचा पॉवर सप्लाय, क्लॉक, आउटपुटचं सर्किट हे सगळं धरून डॅक बनतो.

बिट (प्रत्येक आकडा किती बारकाईने लिहिलाय) आणि किलोहर्ट्झ (सेकंदाला किती हजार आकडे) यांचंही सांगते, कारण डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं. १६ बिटला साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, ४४.१ किलोहर्ट्झला वरच्या पट्टीची हद्द २२ किलोहर्ट्झच्या आसपास जाते, आणि तरुण धडधाकट कानसुद्धा २० च्या पुढे जात नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये ५५४ चाचण्यांचा निकाल छापला होता, हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं, रेकॉर्डिंग सरळ ऐकवायचं आणि तेच मध्ये सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवायचं, तर बरोबर उत्तरं निघाली ४९.८ टक्के, म्हणजे छापा-काटाच. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के आलं, म्हणजे अगदीच शून्य नाही, पण किती बारीक फरक आहे बघा. तेव्हा ७६८ किलोहर्ट्झ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. २४ बिटचा डॅक मात्र असू द्या, कारण कॉम्प्युटरवर आवाज कमी करताना खालचे बिट खर्च होतात आणि तिथे जागा असलेली चांगली. आजचे जवळपास सगळेच डॅक २४ बिटचे असतात म्हणा.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. मधे मी एक बराच महाग डॅक घरी आणला होता, आठवडाभर मला त्याचा आवाज मोकळा, खोल वगैरे वाटत होता, मनापासून वाटत होता. मग भाच्याला बसवलं. दोन्ही डॅकवर १०० हर्ट्झचा सूर लावला, मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजून दोन्ही एक टक्क्याच्या आत सारखे केले (खालचा सूर मुद्दाम घेतला, साधे मल्टिमीटर वरच्या पट्टीत नीट मोजत नाहीत). हे फार महत्त्वाचं, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला मोठा नाही, चांगला वाटतो. मग मी पाठ करून बसले, तो नाणं उडवून वायर बदलायचा आणि वहीत लिहायचा. २० वेळा केलं. निदान १५ बरोबर आले असते तर म्हटलं असतं काहीतरी आहे, माझे आले ११. महाग डॅक परत केला आणि त्या पैशात हेडफोन बदलले, आणि तो फरक पाठ करून, डोळे मिटून, कसाही ओळखता येतो.

मग घ्यायचा काय? नेहमीचे, ३२ ओहमच्या आसपासचे हेडफोन किंवा इअरफोन असतील तर बोटभर लांबीचा डोंगलवाला डॅक पुरतो. अॅपलचा यूएसबी-सी ते ३.५ एमएमचा साधा अडॅप्टर हासुद्धा डॅकच आहे, २४ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि मोजमापात फार स्वच्छ निघालेला आहे, कॉम्प्युटरवर छान चालतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मात्र आवाज बारीक येतो तेवढं ध्यानात ठेवा. जास्त ओहमचे हेडफोन असतील तर २ ते ४ व्होल्ट देणारा डॅक-अँप एकत्र असलेला घ्या, फिओ, टॉपिंग, एसएमएसएल, आयफाय यांच्या खालच्या रांगेतही असे मिळतात, आणि त्याला हातात धरून फिरवायचं व्हॉल्यूमचं बटण असेल तर फार सोय होते, ही मोजमापात न येणारी गोष्ट आहे पण रोज हाताला लागते. नुसते पॉवर्ड स्पीकर चालवायचे असतील तर हेडफोनच्या ताकदीचे पैसे देऊ नका, मागे आरसीए आउट (लाल-पांढऱ्या गोल पिनांची जागा) आणि साधारण २ व्होल्ट लेव्हल एवढं बघा. जमलं तर जिथे परत करता येतं तिथूनच घ्या.

जोडल्यावर दोन मिनिटं सेटिंगला द्या. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून नव्या यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर (डॅक चालवणारं सॉफ्टवेअर) आतच आलाय, मॅक आणि लिनक्सवर तर वेगळं काही टाकावं लागतच नाही. पण विंडोज सगळे आवाज एकाच रेटवर, म्हणजे एकाच किलोहर्ट्झवर, आणून मिसळतं, म्हणून साउंडच्या सेटिंगमध्ये डॅकच्या प्रॉपर्टीज उघडून २४ बिट आणि तुमची बहुतेक गाणी ज्या रेटची आहेत तो रेट ठेवा, मॅकवर हेच ऑडिओ मिडी सेटअपमध्ये. साउंड एन्हान्समेंट नावाचं जे काही असेल ते बंद. आणि मघाची माउसची चाचणी परत एकदा करा, गाणं थांबवून, आवाज वाढवून. माझ्याकडे आता तिथे काहीच ऐकू येत नाही, आणि तानपुरा लावला की फक्त तानपुराच.