शेव्हिंग प्रोफाइल मिळवताना : माझा अनुभव

ग्रीन कार्डवर अमेरिकन आर्मीत भरती होणाऱ्या आपल्या कुरळ्या केसांच्या मुलांना उपयोग होईल, म्हणून लिहितोय. शेव्हिंग प्रोफाइल म्हणजे रोज दाढी न करण्याची डॉक्टरांची लेखी सवलत.

तिथे रोज गुळगुळीत दाढी सक्तीची. कुरळा केस अगदी मुळाशी कापला की त्याचं टोक टोकदार होतं आणि वळून परत कातडीत घुसतं. माझ्या हनुवटीखाली आणि गळ्यावर टणक पुटकुळ्या उठल्या. दुसऱ्या पहाटे त्यांच्यावरूनच ब्लेड फिरवायचं. कॉलरला रक्त लागायचं, घाम आला की आग व्हायची.

सिक कॉलला, म्हणजे आजारी जवानांच्या तपासणीला गेलो. मेडिकने (लष्करी वैद्यकीय सहाय्यकाने) गळा बघितला, आधी मलम आणि क्लिपर दिला. त्यानंतर डॉक्टरांनी तात्पुरतं प्रोफाइल लिहिलं : दाढी पाव इंचाच्या आत, कोरून आकार द्यायचा नाही. त्याची प्रत कायम खिशात. तरीही एका सार्जंटने सगळ्यांसमोर ‘आळशी’ म्हटलं. कागद काढून दाखवला, पण तो शब्द लागला तो लागलाच.

सिक कॉलच्या रांगेत माझ्याबरोबर बहुतेक कृष्णवर्णीय जवान असायचे. त्यांच्यात या त्रासाचं प्रमाण त्वचारोगतज्ज्ञ ६० टक्क्यांपर्यंत सांगतात. नियम सगळ्यांना एकच, पण त्याची किंमत चुकवतात मुख्यतः हेच. २०२० मध्ये हवाई दलाने दाढीसाठी पाच वर्षांची सवलत सुरू केली, तेव्हा बरं वाटलं होतं. २०२५ मध्ये वारं फिरलं. मार्चमध्ये मरीन कोअरने, जुलैमध्ये आर्मीने नियम कडक केले आणि ऑगस्टमध्ये खुद्द संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांचा आदेश : वर्षभर उपचार करूनही सवलत लागत असेल तर नोकरी जाऊ शकते. कारण दिलं जातं गॅस मास्क घट्ट न बसण्याचं. मग मास्क घालून प्रत्येकाची चाचणी घ्या ना! जन्मजात केसांसाठी उत्तम जवान घरी पाठवणं हा सरळ अन्याय आहे.

आता माझं केस काढण्याचं लेझर चालू आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्या दिवसापासून गळ्याचे तारखेसह फोटो काढा, प्रत्येक मलमाची नोंद फाइलला लागली का ते बघा. लेझरआधी मशीन कोणतं हे विचारा. आपल्या सावळ्या कातडीला एनडी-याग प्रकारचं लेझर तुलनेने सुरक्षित. इतर काही लेझरने भाजून डाग पडण्याचा धोका जास्त असतो.