आईचा नंबर अण्णांच्या नावावर

पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, सोपं आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण लोक उगाच त्यालाच घाबरतात. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या माणसाला तो द्यायचा, की सर्कल (मोबाइल कंपन्यांचा विभाग) तेच असेल तर कामाच्या तीन दिवसांत नंबर तिकडे. पुणे, सातारा, गोवा सगळं एकच सर्कल. मुंबई तेवढी वेगळी.

आम्ही अडकलो ते याच्या कितीतरी आधी.

आई कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. तिच्या सिमला घरात रेंज येईना. दुसऱ्या कंपनीचा टॉवर मात्र शाळेमागेच उभा राहिलेला, म्हणून पोर्ट करायचं ठरलं. नव्या कंपनीच्या पोराने मोबाइलमध्ये काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हा नंबर जेंट्सच्या नावावर दिसतोय."

दिसणारच. तो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेऊन दिलेला, स्वतःच्या आधारवर. अण्णांना जाऊन वर्षं झाली. सातबाऱ्यावर वारस लागले, लाइटबिलावरचं नाव बदललं, बँकेचं झालं. सिम रोज वाजत होतं, रिचार्ज होत होतं, मग त्याचं नाव कोण विचारतंय? पोर्ट करताना मात्र नंबर ज्याच्या नावावर आहे त्याचीच केवायसी लागते. म्हणजे आधी जुन्या कंपनीकडे नाव बदलून घ्या, मग पोर्ट करा. (नावबदलाचा अर्ज चालू असताना पोर्टचा कोडच मिळत नाही, त्यामुळे दोन्ही एकदम रेटायला जाऊ नका.)

जुन्या कंपनीची पुण्यातली गॅलरी, म्हणजे त्यांचं दुकान. एसी, सोफे, टोकन. काउंटरवरच्या मुलीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कस्टमरना स्वतःला यावं लागेल."

"कस्टमर वारलेत. तेच सांगतेय."

"हो मॅडम, पण त्यांच्या ऑथेंटिकेशनशिवाय सिस्टिम घेत नाही."

मृत्यूचा दाखला पुढे केला. तो तिने आत नेला, बराच वेळ कुणाला तरी दाखवला, परत आणला. दाखल्यावर अण्णांचं त्यांच्या वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, सिमवर नुसतं नाव आणि आडनाव. मॅच होत नाही. पुढच्या खेपेला दुसरा मुलगा होता, त्याला नावाशी काही देणंघेणं नव्हतं, पण त्याला वारसांचं संमतीपत्र हवं होतं. ते नेलं तर ज्याला हवं होतं तो रजेवर. आणि यातला प्रत्येक जण शेवटी एकच सल्ला देई: "एवढं कशाला करताय? काकूंना नवीन नंबर घ्या ना!"

माझं डोकं फिरलं ते या वाक्याने. नवीन नंबर घ्या! आईचं बँक खातं त्या नंबरवर, आधार त्या नंबरवर, गॅसचं बुकिंग आणि सिलिंडर आल्यावर सांगायचा कोड त्या नंबरवर. भजनी मंडळाचा ग्रुप, माहेरच्यांचा ग्रुप. शिवाय तिच्या दोन थोरल्या बहिणींना व्हॉट्सॲप येत नाही, त्यांना तो नंबर तोंडपाठ आहे. त्या तोच लावणार, दुसरा नाही. पूर्वी पत्ता बदलला तर पोस्टमन ओळखीचा असायचा, पत्र फिरून का होईना पोचायचं. नंबर सोडला तर काही काळाने तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो आणि आपले ओटीपी त्याच्या खिशात वाजतात. म्हणून एक सांगते: हे सगळं चालू असताना सिम वापरात ठेवा. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. मात्र वर्षभराचा पॅक मारू नका, पोर्ट झाल्यावर उरलेला पॅक आणि बॅलन्स बुडतो.

शेवटी अर्ज घ्यायला तयार झाले तर ओटीपीचं नाटक. ओटीपी जाणार आईच्या फोनवर, आई गावी, घरात रेंज नाही. शेजारच्या घरी फोन करून तिला गच्चीवर पाठवली. ती गुडघे धरत वर पोचून चष्मा लावून आकडे वाचेपर्यंत तो संपलेला. दुसरा मागवला तर ती खाली उतरलेली. ज्या रेंजसाठी पोर्ट करायचं, तीच नाही म्हणून पोर्ट अडलं, हे मी त्या मुलाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "नेटवर्कची वेगळी कंप्लेंट टाकू का?"

तक्रार मी टाकलीच, पण या कामाची. हे मी पहिल्याच दिवशी करायला सांगेन: काउंटरशी वाद घालू नका, कस्टमर केअरला तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं, फुकट, आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्रायला, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, पत्रं लिहीत बसू नका, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. मी फक्त "अपील करतेय" एवढं म्हटलं, तर आतून एक साहेब आले. त्यांना तोच दाखला चालला, तेच नाव मॅच झालं, तेच संमतीपत्र पुरलं. मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला.

आईला पुण्याला आणलं. लाइव्ह फोटोसाठी मुलगी म्हणे, "काकू, डोळे मिटा, उघडा." आई लग्नातल्यासारखी हसत एकटक बघत राहिली. बऱ्याच फोटोंनंतर जमलं. नाव बदलताना नवं सिम हातात दिलं असेल तर पोर्टसाठी सात दिवस थांबावं लागतं, तेही लक्षात ठेवा.

पोर्ट झालं. व्हॉट्सॲप जागेवर, ग्रुप जागेवर, आई आता स्वयंपाकघरातून बोलते.

जाता जाता एक. संचार साथी नावाची सरकारी साइट आहे. तिथे मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की त्याच माणसाच्या नावावर आणखी कोणकोणते नंबर आहेत ते दिसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांचं ते हयात असतानाच एकदा बघून घ्या. नावबदल व्हायच्या आधी मी आईच्या नंबरवरून बघितलं होतं, तर अण्णांच्या नावावर आणखी एक नंबर निघाला. मधले आकडे झाकलेले होते, तरी ओळखला: भावाचा, कॉलेजात असताना अण्णांनी घेऊन दिलेला. त्याला कळवलं. तो म्हणतो, "ताई, तुझी त्या साहेबांशी ओळख झालीये, तूच जा."